डब्लिनच्या जुन्या पबमध्ये, न पिणाऱ्यांनी जेवायला जावं का?

प्रश्न: जूनमध्ये मुलाकडे डब्लिनला जात आहोत. एखाद्या जुन्या, घरगुती आयरिश पबमध्ये एकदा जेवायची इच्छा आहे. पण मी आता पीत नाही, बायको शाकाहारी आहे आणि सोबत सात वर्षांची नात असेल. जाण्यात अर्थ आहे का? तिथे खायचं काय?

उत्तर:

जा हो, बिनधास्त जा. फक्त दुपारी जा, फार तर संध्याकाळी सहाला. आणि टेम्पल बार नावाच्या भागात जेवायला बसू नका. तो भाग बघायला ठीक आहे, फोटो काढा आणि पुढे चला. तिथे पाइंटचे (म्हणजे बिअरच्या मोठ्या ग्लासचे) आणि जेवणाचे भाव पर्यटकांसाठी लावलेले असतात.

मी मूळचा सांगलीचा, डब्लिनच्या फिब्सबरो भागात राहून दहावं वर्ष चालू आहे. माझे आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा हाच पेच होता. आईला 'पब' म्हटलं की परमिट रूम दिसायची: काळ्या काचा, लाल दिवा, दाराला पडदा. मी तिला पटवलं की हा 'पब्लिक हाउस'चा संक्षेप आहे, म्हणजे चारचौघांचं घर. ती म्हणाली, बरं, बघू तुझं घर.

आणि पहिल्याच वेळी मी माती खाल्ली. जूनच होता. इथे जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे नऊ वाजले तरी आपल्याला साडेपाच वाटतात. आम्ही निवांत फिरत फिरत शहराच्या मध्यभागी एका पबमध्ये शिरलो, तर स्वयंपाकघर बंद व्हायच्या बेतात. आत मॅच चालू, माणसांची ही गर्दी. आईसाठी व्हेजिटेबल सूप मागवलं. अर्धा वाडगा संपल्यावर मला शंका आली, विचारलं, तर ते चिकनच्या पाण्यात केलेलं. आई काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आधी विचारायचं असतं रे." म्हणून तुम्हाला आधीच सांगतो: सूप शाकाहारी आहे का असं विचारू नका, 'स्टॉक कशाचा आहे' असं विचारा. चिप्स (इथे म्हणजे फ्रेंच फ्राइज) कशात तळतात तेही विचारा, काही ठिकाणी गोमांसाची चरबी वापरतात. कुणी तोंड वाकडं करत नाही. मेनूवर पदार्थापुढे जे आकडे दिसतील ते अ‍ॅलर्जीच्या १४ घटकांचे असतात, त्यांचा शाकाहाराशी संबंध नाही. मी आधी त्यांना कॅलरी समजायचो.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो आणि त्यांना ग्लासनेव्हिनला नेलं. तिथल्या दफनभूमीच्या भिंतीला लागून जॉन कॅव्हनाचा पब आहे, १८३३ सालचा. दफनभूमी त्याच्या एकच वर्ष आधीची. अख्खं गाव त्याला 'ग्रेव्हडिगर्स' म्हणतं, म्हणजे थडगी खणणाऱ्यांचा पब. खणणारे म्हणे भिंतीवर फावडं आपटायचे आणि पलीकडून पाइंट यायचा. खरं किती, ठाऊक असण्याची गरज नाही, गोष्ट चांगली आहे. पण पब अजून त्याच घराण्याकडे आहे, आत टीव्ही नाही, संगीत नाही, गाणं म्हणायला बंदी. जुनं लाकूड, झिजलेली फळकुटं आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज. आईने खबरदारी म्हणून घरूनच दशमी खाऊन घेतली होती. ती संत्र्याचं सरबत घेऊन कोपऱ्यात बसली आणि अर्ध्या तासाने म्हणाली, "हे तर आपल्या वाड्याच्या ओसरीसारखं आहे."

बाबांनी तिथे कॉडल घेतलं. हा अस्सल डब्लिनचा पदार्थ, देशात इतरत्र फारसा नाही. डुकराच्या मांसाचे सॉसेज, खारवलेल्या मांसाचे काप, बटाटा, कांदा, सगळं एकत्र मंद आचेवर शिजवायचं. परतायचं काहीच नाही, त्यामुळे सॉसेज फिकट गुलाबी दिसतात आणि पहिल्यांदा बघणारा दचकतो. शुक्रवारी कॅथलिकांना मांस वर्ज्य असे, म्हणून गुरुवारी घरातलं उरलंसुरलं या भांड्यात जायचं असं जुनी माणसं सांगतात. वारांचं हे गणित बाबांना लगेच कळलं. चवीबद्दल त्यांचं मत: "फोडणी द्यायची राहिली का?" पण वाडगा चाटूनपुसून स्वच्छ केला. तुम्ही मांस खात असाल पण डुक्कर नको असेल, तर आयरिश स्ट्यू घ्या: मेंढीचं मटण, बटाटा, कांदा, गाजर. मसाला नसलेला पांढरा रस्सा समजा. बीफ अँड गिनेस पाय (pie) नावातच सांगतो त्यात काय आहे ते: गोमांस आणि गिनेस ही इथली काळी बिअर. ब्लॅक पुडिंगमध्ये रक्त असतं, नावाला फसून नातीला गोड म्हणून देऊ नका.

समुद्राकाठचं शहर असल्याने चाउडर म्हणजे दुधासायीतलं माशांचं घट्ट सूप बहुतेक ठिकाणी चांगलं मिळतं. सोबत ब्राउन ब्रेड येतो. तो तर मी म्हणेन नुसता मागवून खा. जाडसर दळलेली कणीक, ताक आणि खाण्याचा सोडा, यीस्ट नाही. त्यावर इथलं लोणी जाड थापायचं. लोण्याच्या बाबतीत हा देश कंजूस नाही.

आता वहिनींचं जेवण. पबमधलं सगळ्यात जुनं आणि भरवशाचं शाकाहारी खाणं म्हणजे टोस्टी, भाजलेलं सँडविच. मुळात त्यात हॅम असतं, तर 'हॅम नको, फक्त चीज, कांदा, टोमॅटो' असं सांगायचं. एक गोष्ट लक्षात घ्या, पबमध्ये ताट वाढून जेवण ही जुनी परंपरा नाही. माणूस घरी जेवायचा आणि पबमध्ये फार तर टेटोचं पाकीट फोडायचा. टेटो ही १९५४ मध्ये सुरू झालेली बटाट्याच्या वेफर्सची कंपनी, चीज-कांद्याची चव त्यांनीच गाजवली. शहरातल्या कित्येक देखण्या जुन्या पबांना आजही स्वयंपाकघरच नाही. म्हणून नुसतं आतलं लाकूडकाम बघून बसू नका, 'जेवण किती वाजेपर्यंत' हे दारातच विचारा.

टोस्टीखेरीज कोलकॅनन बघा: लोणी-दूध घालून घोटलेला बटाटा आणि त्यात केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा कोबी. बहुतेकदा तो मांसाबरोबर बाजूला येतो, पण नुसता मागितला तर मिळतो. कोबीत खारवलेलं मांस घातलेलं नाही ना, एवढं विचारा. मिरपूड भरपूर घाला. आई पिशवीत शेंगदाण्याची चटणी घेऊन फिरायची. ती कोलकॅननवर भुरभुरली, तेव्हा बारमनने येऊन वाकून पाहिलं आणि चिमूटभर मागून घेतली. बटाट्यावरून आठवलं, आयरिश भाषेत बटाट्याला 'प्राता' म्हणतात. आपण 'बटाटा' पोर्तुगीजांकडून घेतला, आयरिश लोकांचा शब्दही लांबून त्याच मुळाशी जातो. या बटाट्याने इथे केवढा घात केला तेही माहीत असू द्या. १८४५ पासून पिकावर रोग पडला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. म्हणून दुष्काळाबद्दल पबमध्ये सहज थट्टेत बोलू नये.

न पिण्याबद्दल संकोच नको. ०.० नावाचं बिनदारूचं गिनेस आता जवळपास सगळीकडे मिळतं, दिसायला हुबेहूब. मुळातलं गिनेसही दोन हप्त्यांत भरतात: आधी पाऊण ग्लास, मग फेस खाली बसू द्यायचा, मग उरलेलं. कंपनीचा हिशेब ११९.५ सेकंदांचा आहे, तेव्हा ग्लास काउंटरवर अर्धवट ठेवून बारमन निघून गेला तर विसरला असं समजून हाक मारू नका. मी मारली होती. या गिनेसच्या आर्थरबाबांनी १७५९ मध्ये दारूभट्टीची जागा ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, वर्षाला ४५ पौंड. आमच्या सांगलीतल्या ९९ वर्षांच्या लीजवाल्यांना हे ऐकवलं पाहिजे.

चहा दिवसा बऱ्याच ठिकाणी मिळतो, किटलीभर आणि कडक. नातीसाठी क्लब ऑरेंज किंवा रॉक शँडी. रॉक शँडी म्हणजे संत्रं-लिंबाचं सोडापेय, नावात शँडी असली तरी दारू नाही.

नातीबद्दल कायदा सोपा आहे. १५ वर्षांखालच्या मुलांना आईवडील किंवा पालकासोबत रात्री नऊपर्यंत बसता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. पण मुलं घ्यायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर, तेव्हा आधी फोन केलेला बरा. धुराची काळजी नको. २००४ च्या मार्चपासून पबमध्ये धूम्रपान बंद आहे, अख्ख्या देशात बंदी घालणारा हा जगातला पहिला देश.

कुठे बसायचं? जमलं तर स्नगमध्ये. स्नग म्हणजे बारला चिकटलेली, फळ्यांनी बंद केलेली चिमुकली खोली, बारच्या बाजूला एक खिडकी. बाया, पाद्री, पोलीस, ज्यांना पिताना दिसायचं नव्हतं ते इथे बसत. इराण्याच्या हॉटेलातली 'फॅमिली रूम' आठवा. साउथ अ‍ॅन स्ट्रीटवरच्या केहोजमध्ये आणि बॅगट स्ट्रीटच्या टोनर्समध्ये जुने स्नग अजून आहेत, दुपारी तीनला रिकामे सापडू शकतात. एके काळी बाईला अख्खा पाइंट द्यायलाही अनेक पब तयार नसत, अर्धाच मिळे. आता तसं करणं कायद्याने भेदभाव ठरतं. आईने हे ऐकलं आणि स्नगचं दार मुद्दाम उघडं ठेवून बसली.

बहुतेक जुन्या पबमध्ये ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. नोटा हलवायच्या नाहीत, "एक्सक्यूज मी" ओरडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. कोण आधी आलं हे बारमनला बरोबर माहीत असतं. काउंटरवर टिप लागत नाही, टेबलावर आणून वाढलं तर दहा टक्के ठेवा. गरम जेवणाला माणशी वीस युरोच्या आसपास धरून चला.

शेजारचा म्हातारा बोलायला लागेल. हवामानापासून सुरुवात होते. तुम्ही महाराष्ट्रातले कळलं की वराडकरांचा विषय निघू शकतो. लिओ वराडकर दोनदा इथले पंतप्रधान झाले, त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. आमच्या बाबांना एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" बाबा म्हणाले, "नाही, पण सोलकढी एकच." तिचं भाषांतर करताना मला घाम फुटला. फक्त एक ध्यानात ठेवा: त्याने तुमच्यासाठी काही मागवलं तर पुढची पाळी तुमची. तुम्ही सरबतावर असलात तरी.

संगीत ऐकायचं असेल तर जेवून मग स्मिथफील्ड भागातल्या कॉबलस्टोन पबला जा. २०२१ मध्ये तिथे हॉटेल बांधायचा बेत निघाला, तेव्हा लोक रस्त्यावर वाद्यं घेऊन उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. तिथलं सेशन म्हणजे कार्यक्रम नव्हे. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वादक आपसात वाजवत असतात, भजनी मंडळासारखे. त्यांच्या खुर्च्यांवर बसू नका, फर्माईश करू नका. नातीला बोध्रान दाखवा, बकऱ्याच्या कातड्याचा डफच तो.

आई परत गेल्यावर सांगलीत ब्राउन ब्रेड करते, जुन्या केक-ओव्हनमध्ये. ताक घरचं असतं, त्यामुळे इथल्यापेक्षा बरा होतो असं तिचं म्हणणं. वहिनींना हवी असेल तर कृती मागून घेतो, तिच्याकडून प्रमाण मात्र 'अंदाजाने' असंच येईल.