कॉइलजवळची ती अनोळखी वायर

प्रश्न : माझी रबरी बंपरची, पॉइंटवाली (ठिणगीसाठी डेल्कोत, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमध्ये, उघडमीट करणारे संपर्क असलेली) एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. गेल्या वर्षी जुना सेल्फ काढून नवा छोटा बसवला. तेव्हापासून पांढरी, पोपटी पट्टीची एक वायर तिथे मोकळी लोंबतेय. मेकॅनिक म्हणतो, फालतू आहे, कापून टाकू. गाडी सेल्फवर उचलत नाही, चावी सोडता सोडता मात्र कधी कधी पकडते. (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : कापू देऊ नका. ‘चावी सोडता सोडता पकडते’ असं लिहिलंत, तिथेच निम्मं निदान झालं. तुमची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) साधारण दीड ओहमची, म्हणजे बॅलास्टवाली, आधी रेझिस्टन्स लागणारी. बॅलास्टचा वेगळा तुकडा शोधत बसू नका. हार्नेसमध्ये (वायरांच्या जुडग्यात) दडलेली गुलाबी-पांढरी वायर हाच रेझिस्टन्स. तिच्यामुळे गाडी चालू असताना कॉइलला बारा व्होल्टऐवजी सहा ते नऊच मिळतात. सेल्फ फिरताना बॅटरी आधीच दबते, त्यात बॅलास्टही खातो आणि ठिणगी मरते. म्हणून सेल्फ फिरेपर्यंतच बॅटरीचा थेट करंट कॉइलला देणारी ही पोपटी वायर. जुन्या सोलेनॉइडला (सेल्फवरच्या विजेच्या स्विचला) तिच्यासाठी वेगळं टर्मिनल होतं, नव्याला बहुधा नसणार.

आज एवढंच करा : मोकळ्या टोकाला टेप मारा. दुसरं टोक कॉइलला जोडलेलं असल्याने चावी ऑन केली की यातही करंट येतो. बॉडीला टेकलं तर गाडी जागीच बंद. आणि कोणी ‘पांढऱ्या-लाल वायरला (चावीकडून सोलेनॉइडला जाणारी) जोडून टाकू’ म्हणालं तर हात धरा. चावी ऑन करताच कॉइलकडून उलटा करंट सोलेनॉइडला जाईल आणि सेल्फ चिकटून बसू शकेल. एक साधा रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) घ्या. त्याला इशारा पांढऱ्या-लालचा, आत बॅटरीचा करंट, बाहेर पोपटी वायर.

मीटर लावताना एक फसगत होते, मीही फसलोय. पॉइंट उघडे असतील तर करंट वाहत नाही, आणि कॉइलवर पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. बॅलास्टच नाही असं वाटतं. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटवा, मग मोजा.

प्रश्न : माझ्याकडे तशीच गाडी, पण उलटं होतं. सेल्फ फिरतोय तोवर चालते, चावी सोडली की बंद. (विजापूर रोड)

उत्तर : पोपटी वायर शाबूत, गुलाबी-पांढरी तुटलेली, किंवा तिचा जोड सैल. आधी जोड हलवून बघा, मग चावीचा ऑनचा संपर्क तपासा.

प्रश्न : 1965ची एमजीबी घेतली. बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलाय. आधीच्या मालकाने घोळ घातला का?

उत्तर : नाही, कारखान्यानेच तसं केलंय. 1967पर्यंत या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. बॅटरीही सीटमागे सहा व्होल्टच्या दोन असतात. फिरवाफिरव करू नका. नवी कॉइल आणलीत आणि तिच्यावर प्लस-मायनस लिहिलं असेल, तर तुमच्याकडे प्लस डेल्कोला जाईल. आपले बॅटरीवाले कॉइलच्या वायरी सवयीने उलट्या लावतात. इंजिन तरीही चालतं, पण ठिणगी कमजोर पडते, म्हणून चूक सहज कळत नाही.

प्रश्न : वायरचे रंगच उडालेत. सगळं मातकट दिसतं.

उत्तर : सोलापूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली दुसरं काय होणार! पत्र्यातून वायर जिथे आत शिरते तिथल्या रबराच्या मागे वायरांवरची टेप दोन इंच उलगडा. तिथे रंग बऱ्याचदा जिवंत सापडतो. तपकिरी चावी बंद असतानाही करंटवाली, पांढरी चावीवरची, हिरवी चावीवरचीच पण फ्यूजच्या पुढची, पांढरी-काळी कॉइलकडून डेल्कोला. आधीच्या कोणी सगळी वायरिंग एकाच लाल वायरने केली असेल, तर चावी बंद, ऑन, सेल्फ अशा तीन वेळा प्रत्येक टोकाला टेस्ट लॅम्प लावा आणि जे दिसेल ते कागदी टेपवर लिहून त्याच वायरला गुंडाळा. सेल्फच्या वेळी गाडी न्यूट्रलमध्ये हवी.