जुना ॲम्प घ्यावा की नवी आवृत्ती?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर ब्लूज आणि जुनी हिंदी गाणी वाजवतो. माझ्याकडे टेलिकास्टर गिटार आहे. येथील एका गृहस्थांकडे 1966 सालचा फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब ॲम्प (गिटारचा ॲम्प्लिफायर) विक्रीस आहे. आतील सर्व भाग मूळ आहेत असे ते सांगतात आणि किंमत नव्या रीइश्यूच्या, म्हणजे त्याच मॉडेलच्या आजच्या आवृत्तीच्या, दुपटीहून अधिक मागतात. आवाज ऐकून मी भारावून गेलो आहे, परंतु एवढे पैसे घालावेत की नवा रीइश्यू घ्यावा, हे ठरत नाही. दोन वर्षांनी आम्ही कायमचे पुण्याला परतणार आहोत.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण अगदी शेवटी लिहिले आहे. या ॲम्पचा निर्णय सालावर जितका अवलंबून आहे, त्याहून अधिक तो कोणत्या गावी चालणार आणि बिघडल्यास कोण उघडणार यावर अवलंबून आहे. त्याकडे येण्यापूर्वी या दोन ॲम्पमध्ये खरोखर काय वेगळे आहे ते पाहू, कारण विक्रेते हा फरक फुगवून सांगतात आणि रीइश्यूचे समर्थक तो नाहीच म्हणतात. दोन्ही बरोबर नाही.

काळ्या दर्शनी पट्टीमुळे ‘ब्लॅकफेस’ म्हणून ओळखला जाणारा डिलक्स रिव्हर्ब 1963 मध्ये आला. शेवटच्या टप्प्यात 6व्ही6 जातीच्या दोन ट्यूब (व्हॉल्व्ह), बारा इंची एक स्पीकर आणि सुमारे 22 वॅट शक्ती, ही त्याची रचना. 1965 च्या आरंभी संस्थापक लिओ फेंडर यांनी कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला विकली, तरी या मॉडेलचे सर्किट पुढेही काही काळ तेच राहिले, म्हणून 1966 चा ॲम्प केवळ ‘सीबीएसच्या काळातला’ आहे या कारणाने नाकारू नये. 1993 पासून विकला जाणारा रीइश्यू याच सर्किटावर बेतलेला आहे. फरक बांधणीत आहे. जुन्या ॲम्पमध्ये फायबरच्या पट्टीवर प्रत्येक भाग हाताने सोल्डर केलेला असतो, नव्यात छापील सर्किट बोर्ड असतो, जुन्याची पेटी पाइनच्या फळ्यांची, नव्याची प्लायवुडची, स्पीकरही वेगळा. शांतपणे शेजारी ठेवून ऐकल्यास जो फरक जाणवतो, त्यातील बराचसा वाटा, माझ्या मते, स्पीकरचा आणि त्यावर झालेल्या वर्षानुवर्षांच्या वादनाचा असतो. जुन्याचा वरचा स्वर मऊ असतो आणि जोरात छेडल्यावर तो क्षणभर दबून पुन्हा उठतो. हा आनंद खरा आहे, त्याला मी भ्रम म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र दोघांत समान आहे. ॲम्पला नॉर्मल आणि व्हायब्रॅटो असे दोन चॅनल, म्हणजे गिटार जोडण्याचे मार्ग, असतात. व्हायब्रॅटो चॅनलच्या व्हॉल्यूमवर 47 पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) कायमचा बसवलेला असतो आणि आवाज कमी ठेवल्यावर त्यामुळे वरचे स्वर अधिक टोचतात. टेलिकास्टर मुळातच धारदार असल्याने घरी हळू वाजवताना ते आपल्याला जाणवेलच. तेथे नॉर्मल चॅनल वापरून पाहावा, किंवा तंत्रज्ञाकडून त्या कपॅसिटरचे एक टोक सुटे करून घ्यावे; आवाज खुपतो म्हणून ॲम्प विकण्याची वेळ अनेकांवर केवळ एवढ्याशा भागामुळे येते.

आता ‘सर्व भाग मूळ’ या दाव्याविषयी. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि पेटी मूळ असणे मोलाचे आहे. वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मूळ असणे ही मात्र चिंतेची बाब आहे. हे कपॅसिटर आतून वाळत जातात आणि साधारण पंधरा-वीस वर्षांनी बदलायचे असतात. साठ वर्षे जुने कपॅसिटर फुटले, तर जो ट्रान्सफॉर्मर मूळ म्हणून आपण पैसे मोजले तोच जळण्याचा धोका असतो. म्हणून ते चांगल्या हाताने बदललेले असतील, तर त्यासाठी किंमत कमी करून मागू नये. बदललेले नसतील, तर तो खर्च किमतीतून अवश्य वळता करावा. दोन पिनांची जुनी वायर आणि तिच्या आतल्या टोकाशी मुख्य वीज व चासी (ॲम्पचा धातूचा सांगाडा) यांना जोडणारा कपॅसिटर यांबाबत तर तडजोड करूच नये. तो कपॅसिटर खराब झाला, तर गिटारच्या तारांवर एक हात आणि मायक्रोफोनला ओठ अशा अवस्थेत जिवावर बेतू शकते. तीन पिनांची अर्थिंगची वायर बसवून तो कपॅसिटर काढलेला असला पाहिजे.

पाहायला जाताना छोटी विजेरी न्यावी. पेटीच्या आतल्या बाजूस कागदी ट्यूब-तक्ता चिकटवलेला असतो आणि त्यावर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. पहिले अक्षर सालाचे, 1951 म्हणजे ‘ए’ धरून मोजायचे, दुसरे महिन्याचे. ‘पीई’ असेल तर मे 1966. ट्रान्सफॉर्मरवर 606 ने सुरू होणारा आकडा पाहावा: 606 हा शुमाकर या उत्पादकाचा क्रमांक, त्यापुढे सालाचा शेवटचा अंक आणि मग आठवडा, म्हणजे 606-6-14 हा ट्रान्सफॉर्मर 1966 च्या चौदाव्या आठवड्यातला. स्पीकरच्या कडेवरील आकडा, स्पीकर जेन्सन कंपनीचा असल्यास 220 ने आणि ऑक्सफर्डचा असल्यास 465 ने सुरू होतो. हे सर्व आकडे ॲम्पच्या तारखेच्या थोडे आधीचे असणे स्वाभाविक आहे. नंतरचे असतील, तर तो भाग बदललेला आहे हे नि:संशय समजावे. चासी स्वतः उघडू नये. वीज काढल्यानंतरही आत चारशे व्होल्टच्या आसपासचा दाब साठून राहू शकतो.

एवढे झाल्यावर निदान अर्धा तास वाजवावे. ॲम्प तापल्यानंतरच खरखर, गुणगुण आणि एखाद्या ट्यूबची किणकिण बाहेर येते. रिव्हर्ब (आवाजाला घुमाव देणारी सोय) आणि व्हायब्रॅटो (आवाज लयीत कमी-जास्त करणारी सोय) दोन्ही तपासावेत. व्हायब्रॅटो आत लुकलुकणारा एक निऑन दिवा आणि त्याचा उजेड टिपणारा भाग यांवर चालतो. तो भाग दमला की परिणाम क्षीण होतो, पण दुरुस्ती अवघड नाही, म्हणून तेवढ्यासाठी व्यवहार मोडू नये.

आता पुण्याविषयी. अमेरिकेत विकला गेलेला 1966 चा ॲम्प 117 व्होल्ट आणि 60 हर्ट्झसाठी बनवलेला आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने आपल्याकडील 230 व्होल्ट उतरवता येतात, परंतु 50 हर्ट्झचे 60 होत नाहीत आणि कमी वारंवारितेवर ॲम्पचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. अमेरिकेतून आणलेला असाच एक जुना ॲम्प मी मुंबईत तीन वर्षे स्टेप-डाउनवर चालवला. तासाभरानंतर त्याच्या ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववत नसे आणि एप्रिल-मे महिन्यांत तर वाजवताना माझे लक्ष सुरांपेक्षा वासाकडे अधिक असे. शेवटी 230 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मागवून बसवला आणि मूळचा कागदात गुंडाळून जपून ठेवला. ॲम्प त्यानंतर सुखाने चालला, पण ‘सर्व भाग मूळ’ या शब्दांसाठी मोजलेले पैसे त्याच दिवशी संपले. दुरुस्तीची गोष्टही तशीच आहे. कपॅसिटर आणि रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळतील, व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले एखादे जुने कारागीर ॲम्पही उत्तम समजून घेतील, पण असे हात दरवर्षी कमी होत चालले आहेत. पुण्यात तसे कोणी आपल्या ओळखीचे आहे का, हे आताच विचारून ठेवावे.

म्हणून माझे मत असे. वर सांगितलेल्या तपासणीत हा ॲम्प उतरला आणि पैसे गुंतवल्याने घरखर्चाची ओढाताण होणार नसेल, तर तो अवश्य घ्यावा, दोन वर्षे मनसोक्त वाजवावा आणि परतण्यापूर्वी तेथेच विकावा. सुस्थितीतील जुन्या ॲम्पची किंमत सहसा टिकून राहते. नव्याची मात्र दुकानाबाहेर पडताच उतरते. पुण्यासाठी रीइश्यू घ्यावा, परंतु तोही भारतात विकली जाणारी 230 व्होल्टची आवृत्तीच. अमेरिकेतील 120 व्होल्टचा नवा ॲम्प सामानात घालून आणल्यास वर लिहिलेली अडचण त्यालाही लागू होते. आजवर ज्यांनी ‘आधी घेऊ, मग पाहू’ म्हणून असा ॲम्प जहाजाने आणला, त्यांतील कित्येकांचे ॲम्प आज माळ्यावर आहेत, आणि तो आवाज असा बंद पेटीत पडून राहिलेला पाहून मला खरोखर वाईट वाटते.

प्रश्न : मडगावातील एका शेजाऱ्यांनी बोटीवर नोकरी करताना परदेशातून आणलेला, चंदेरी पट्टीचा डिलक्स रिव्हर्ब ते विकत आहेत. तो वीसहून अधिक वर्षे बंद आहे. चालू करून पाहावा का?

उत्तर : थेट प्लगमध्ये घालून मुळीच पाहू नये. इतकी वर्षे पडून असलेल्या कपॅसिटरवर एकदम पूर्ण दाब दिल्यास ते तेथेच निकामी होऊ शकतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही नेऊ शकतात. पाठीमागील पट्टीवर व्होल्टेजची नोंद असते ती प्रथम वाचावी. 230 किंवा 240 ची सोय असलेली निर्यात आवृत्ती असेल, तर आपले निम्मे काम झाले. ब्लॅकफेसनंतर आलेल्या चंदेरी पट्टीच्या काळात फेंडरच्या मोठ्या ॲम्पचे सर्किट बरेच बदलले, डिलक्स रिव्हर्बचे त्या मानाने कमी, म्हणून ब्लॅकफेसहून कमी किमतीत तोच आवाज बराचसा मिळतो आणि मला हा सौदा मनापासून आवडतो. गोव्याच्या खाऱ्या हवेत मात्र ट्यूबचे सॉकेट, रिव्हर्बच्या स्प्रिंगा आणि चासीचे स्क्रू गंजतात. स्पीकरचा कागद बुरशीने मऊ पडलेला नाही ना, हे जाळीमागे बोटाने हलकेच दाबून पाहावे. कपॅसिटर बदलणे, सॉकेट साफ करणे आणि तीन पिनांची वायर बसवणे यांचा अंदाज तंत्रज्ञाकडून आधी घ्यावा, तो शेजाऱ्यांना दाखवावा आणि मगच किंमत ठरवावी.