वाचकांचे प्रश्न : कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि टायमिंग चेनचे आयुष्य

प्रश्न : माझ्या १५० सीसी मोटारसायकलीला काही महिन्यांपूर्वी परफॉर्मन्स कॅमशाफ्ट आणि त्यासोबतच्या कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग बसवल्या. आता सकाळी थंड इंजिन सुरू करताना हेडच्या बाजूने थोडा वेळ खडखड येते. मेकॅनिक म्हणतात, कडक स्प्रिंगने टायमिंग चेन ताणली आहे, जुन्या स्प्रिंग परत घाला. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे (कॅम) असलेला दांडा; तो फिरताना व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते आणि टायमिंग चेन इंजिनाच्या मुख्य दांड्यापासून (क्रँक) हा दांडा फिरवते. स्प्रिंगचा यात वाटा आहे, परंतु नवा कॅम ठेवून जुन्या स्प्रिंग मुळीच घालू नयेत. जास्त लिफ्टच्या (व्हॉल्व्ह अधिक उचलणाऱ्या) कॅमवर जुन्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकू शकतात, आणि वरच्या आरपीएमला स्प्रिंग अपुरी पडली तर व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडतो, सीटवर आपटतो, प्रसंगी पिस्टनलाही लागतो. त्या आपटण्याचे हादरे चेनलाच सोसावे लागतात.

चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणून लांब झालेले नसते. प्रत्येक कडीतील पिन आणि बुश झिजतात आणि साऱ्या सांध्यांची ती सूक्ष्म झीज एकत्र येऊन चेनची लांबी वाढते. म्हणून सांध्यावर दाब किती येतो आणि तेथे तेल कसे पोहोचते, हे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

दाबाचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. कॅम प्रत्येक अंशाला व्हॉल्व्ह ०.२ मिलिमीटर उचलत असेल आणि तेथे स्प्रिंगचा जोर ४०० न्यूटन असेल, तर कॅम फिरवण्यास सुमारे ४.६ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो; ३० मिलिमीटर त्रिज्येच्या स्प्रॉकेटवर (दातेरी चाकावर) तो चेनमध्ये सुमारे १५० न्यूटन ताण निर्माण करतो. स्प्रिंगचा जोर ६०० न्यूटन केला, की हा ताण २३० न्यूटनच्या आसपास जातो. मात्र कॅमचे टोक ओलांडले, की तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते आणि दाबताना घेतलेली बहुतेक ऊर्जा परत देते. त्यामुळे चेनवरचा सरासरी भार फारसा वाढत नाही, वाढतो तो धक्का. घाटाच्या उतारावर भरलेली बैलगाडीच बैलांना मागून रेटू लागते, तसे येथे घडते : ओढणारी बाजू क्षणभर सैल होते, ताण टेन्शनरच्या (चेन ताठ ठेवणाऱ्या भागाच्या) बाजूला जातो आणि त्याचा दांडा मागे ठोकला जातो. एकाच सिलिंडरच्या इंजिनात हे धक्के परस्परांना फारसे काटत नाहीत. म्हणूनच अशा इंजिनात चेनच्या आधी मला टेन्शनरवर संशय येतो.

आपला टेन्शनर तेलाच्या दाबावर चालणारा असेल, तर रात्रभरात त्यातील तेल उतरल्याने सकाळी थोडी खडखड होऊ शकते. ती दाब येताच थांबली पाहिजे. दातेरी दांड्याचा असेल, तर तो काढून दांडा किती बाहेर आला आहे ते पाहा. जवळजवळ पूर्ण बाहेर आला असेल तर चेन झिजली आहे. मग मॅग्नेटची बाजू उघडून गाइडवर (चेन जिला घासत जाते त्या पट्टीवर) चेनने खोल चर पाडले आहेत का, स्प्रॉकेटचे दाते एका अंगाला वाकल्यासारखे झिजले आहेत का, हे तपासावे. ओढणारी बाजू १ मिलिमीटरने जरी वाढली, तरी वरील मापाच्या स्प्रॉकेटवर कॅम जवळपास २ अंश, म्हणजे क्रँकच्या हिशेबात ४ अंश मागे पडतो. महागडा कॅम अचूक बसवूनही गाडीचा खालचा दम जातो, तो बऱ्याचदा यामुळे. चेन बदलायची ठरली तर गाइड, टेन्शनर आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावीत. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही.

स्प्रिंग कॅम बनवणाऱ्याने सांगितलेल्या जोराचीच घ्यावी. ‘असू द्या थोडी जास्त कडक’ या विचाराने चेनबरोबर कॅम आणि रॉकरही (कॅमचा जोर व्हॉल्व्हला देणारा भाग) झिजतात. आरपीएमची मर्यादा ८,००० वरून १०,००० केली, तर जडत्वाचे बल दीडपटीहून अधिक होते, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि शेतरस्त्यावरची काळ्या मातीची धूळ उघड्या फिल्टरमधून आत गेली, की ती तेलात मिसळून पिन-बुश घासत राहते. बंद एअरबॉक्स (फिल्टरची पेटी) काढू नये आणि गाडीच्या कंपनीने दिलेल्या मुदतीच्या आधीच तेल बदलावे.

प्रश्न : स्वयंचलित टेन्शनर काढून हाताने घट्ट करायचा बसवला तर चालेल का?
— एक वाचिका, लातूर

उत्तर : चालेल. धक्क्याने तो मागे सरकत नाही, पण झीज भरून काढण्याचे काम आपल्यालाच वेळोवेळी करावे लागते. इंजिन तापल्यावर ॲल्युमिनियमचा ब्लॉक पोलादी चेनपेक्षा जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे थंड असताना ताठ केलेली चेन गरम झाल्यावर अधिकच आवळते आणि गाइड खाते. थंड इंजिनात थोडी ढील ठेवूनच नट आवळावा.