सिनेमा-मालिकांत समलिंगी पात्रं दिसू लागल्याने समलिंगी विवाहाला लोकांचा पाठिंबा खरंच वाढतो का?

वाढतो. पण बराचसा फुकटचा.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की हल्ली प्रत्येक वेब सिरीजमध्ये एखादं गे जोडपं असतंच, लोकांना सवय होत चाललीय, तेव्हा लग्नाचा कायदाही आपोआप येईल. हे 'आपोआप' मी कित्येक वर्षं ऐकतेय. माझा धाकटा भाऊ गे आहे. जोडीदारासोबत ठाण्यात राहतो, दोघांचेही केस आता पिकायला लागलेत. आपोआप आलेलं मला तरी एवढंच दिसलं.

अमेरिकेचा दाखला सगळेच देतात, तो आधी उरकते. 1997 मध्ये एलन डीजनरसच्या मालिकेतल्या नायिकेने आपण लेस्बियन असल्याचं सांगितलं, 1998 मध्ये गे नायक असलेली 'विल अँड ग्रेस' सुरू झाली. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत समलिंगी लग्नाला 1996 साली 27 टक्के पाठिंबा होता, 2015 साली 60 टक्के, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क दिला. बायडन उपाध्यक्ष असताना 2012 मध्ये म्हणालेही होते की 'विल अँड ग्रेस'ने लोकांना जेवढं शिकवलं तेवढं क्वचितच कशाने शिकवलं असेल. असेल बाबा. पण त्याच काळात तिथल्या असंख्य मुलामुलींनी आपापल्या घरात, आईबापासमोर तोंड उघडलं होतं. त्यांचं श्रेय उचलून मालिकेला का द्यायचं?

नुसतं दिसण्याने होत असतं तर आमच्या सिंधुदुर्गात कधीच झालं असतं. दशावतारी नाटकात पिढ्यानपिढ्या पुरुषच स्त्रीपार्ट करत आलेत. जत्रेत म्हातारेकोतारे रात्रभर जागून त्या राणीच्या विलापाला डोळे पुसतात. (स्त्रीपार्ट करणारा म्हणजे गे नव्हे, हे मला ठाऊक आहे, कमेंटमध्ये शिकवू नका.) पण साडीतल्या पुरुषाला डोक्यावर घेणारं तेच गाव जरा नाजूक चालीच्या पोराला शाळेच्या वाटेवर सळो की पळो करून सोडतं. तेंडुलकरांचं लेस्बियन नायिकेचं नाटक 'मित्राची गोष्ट' 1981 सालचं. पुढच्याच वर्षी 'उंबरठा' या सिनेमात महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं आलं. म्हणजे दाखवण्यात मराठी माणूस मागे नव्हता. तरी 1998 मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरचा 'फायर' लागला तेव्हा मुंबईत थिएटरांची तोडफोड झालीच. आणि 2003 मध्ये 'कल हो ना हो'मध्ये दोन हिरोंना जोडपं समजणाऱ्या कांताबेनचे गैरसमज, 2008 मध्ये 'दोस्ताना'त फ्लॅटसाठी गे असल्याचं नाटक करणारे दोन हिरो, यांवर तीच मुंबई पोट धरून हसली. भावाच्या ऑफिसात 'दोस्ताना' हे त्याचं नाव पडलं ते तेव्हाच. दिसण्याचा हाही एक परिणाम असतो, तो तुमच्या प्रश्नात धरलेला नाही.

आता आमच्या भावोजींबद्दल. थोरल्या बहिणीचे यजमान, बँकेतून निवृत्त, माणूस वाईट नाही.

जून 2017 मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वराडकरांचं मूळ गाव वराड, तालुका मालवण, भावोजींच्या घरून दुचाकीवर सहज जाण्यासारखं. त्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भावोजींचे मेसेज थांबेनात. कोकणचा सुपुत्र, डब्लिनवर मालवणचा झेंडा, मराठी पाऊल पडते पुढे. लिओंनी जानेवारी 2015 मध्ये, आरोग्यमंत्री असताना, रेडिओवर आपण गे असल्याचं जाहीर केलं होतं. ते बातम्यांत ठळक होतं, भावोजींच्या मेसेजांत कुठेच नव्हतं. मी खाली लिहिलं, 'आणि आपल्या घरातल्या सुपुत्राचं काय?' भाऊ ग्रुपवर होताच, त्याने अंगठा टाकला. भावोजींनी गणपतीचा फोटो टाकला.

पुढच्या वैशाखात भाचीचं लग्न होतं. भावाला निरोप गेला: तू ये, मित्राला आणू नकोस, मुलाकडची माणसं काय म्हणतील? भाऊ आलाच नाही. मुहूर्ताला गुरुजींनी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असं पुकारलं आणि आमचा एक चुलतभाऊ घाईघाईने उठला. भाचीने वळून पाहिलं ते माझ्याकडे. अंतरपाटामागे तिच्या पाठीशी जो उभा राहायला हवा होता त्याने तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. वऱ्हाडातल्या कुणी काही विचारलं नाही, हेही लिहून ठेवते. जे 'लोक काय म्हणतील' म्हणून हा सगळा खटाटोप, ते लोक मोदक मोजत होते.

2019 च्या डिसेंबरअखेरीस लिओ वराडकर कुटुंबासह वराडला आले. भावोजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि गर्दीत काढलेला एक हललेला फोटो घेऊन आले. नाताळच्या सुटीत मी तिथेच होते. जेवताना तो फोटो ताटांवरून फिरला तेव्हा मी विचारलं, 'भावोजी, हा माणूस उद्या तुमच्याकडे आला, तर त्याच्या जोडीदाराला बाहेर पडवीत बसवणार की आत घेणार?' ते म्हणाले, 'अगो, तो पंतप्रधान आसा!' म्हणजे पद मोठं असेल तर चालतं. मग नेहमीचं सुरू झालं: आपल्याकडे हे नव्हतंच, ही त्या वेब सिरीजची देणगी. मी म्हटलं, 'माझा भाऊ वाढला तेव्हा घरात एक दूरदर्शन होतं आणि त्यावर 'आमची माती आमची माणसं' लागायचं. खतं-बियाणं बघून बिघडला का तो?' बहिणीने सोलकढी वाढायला घेतली आणि विषय तिथेच राहिला. म्हणून इथे लिहितेय.

पडद्यावरचं जोडपं तुमच्याकडे काही मागत नाही. आयर्लंडचा पंतप्रधानही मागत नाही. त्यांना पाठिंबा द्यायला काय जातं? भाऊ मांडवात एक खुर्ची जास्त मागत होता.

आणि लांबच्यांतही आम्ही निवडून घेतो. अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक रामचंद्र सिरास नागपूरचे, मराठी कवी. 2010 मध्ये ते एका पुरुषासोबत असताना त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण झालं, विद्यापीठाने निलंबित केलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. त्यांच्यावर 'अलीगढ' निघाला, मनोज बाजपेयींनी काम केलं. परमुलखात मराठी शिकवणारा हा माणूस मराठीचा सुपुत्र म्हणून मिरवलेला तुम्ही कुठे पाहिलात? भावोजींनी नाव ऐकलं नव्हतं.

सिनेमाचा उपयोग झालेला मी एकदा पाहिलाय, तो प्रामाणिकपणे सांगते. टाळेबंदीत आई माझ्याकडे अडकली होती. दोन मुलांच्या प्रेमाचा 'शुभ मंगल ज्यादा सावधान' मीच मुद्दाम लावून दिला. आईला त्यातलं निम्मं हिंदी कळलं नाही, आयुष्मान खुराना मात्र आवडला. संपल्यावर बराच वेळ भाजी निवडत बसली आणि मग म्हणाली, 'तेका सांग, चवथीक ये म्हणान. तेच्या वांगडा रवता तेकाय घेवन ये.' (म्हणजे गणेश चतुर्थीला ये, आणि तुझ्यासोबत राहतो त्यालाही घेऊन ये.) आईला सगळं आधीपासून माहीत होतं. बोलायला निमित्त नव्हतं, ते त्या सिनेमाने दिलं. पण घरात मुलगा नसता तर हाच सिनेमा बघून ती 'बरा होता' म्हणाली असती आणि भाजी फोडणीला टाकली असती.

आयर्लंडचंच बघा, आता विषय निघालाच आहे तर. 1993 पर्यंत तिथे पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते. 22 मे 2015 ला लग्नाच्या हक्कावर सार्वमत झालं आणि 62 टक्के लोकांनी होकार दिला. करमणुकीचा हात तिथेही होता. 2014 च्या सुरुवातीला ड्रॅग कलाकार (बाईच्या वेषात मंचावर येणारा पुरुष) पँटी ब्लिस यांच्या टीव्हीवरच्या मुलाखतीने देशभर वाद पेटवला होता. पण मतं मिळाली ती दारोदार फिरून. कार्यकर्ते, त्यांचे आईबाप, आजीआजोबा लोकांच्या दारात उभे राहून 'माझ्या मुलासाठी मत द्या' म्हणाले. परदेशी गेलेली पोरं चाकरमान्यांनी चवथीला गाड्या भरून यावं तशी फक्त मत द्यायला घरी आली. तिथे लोकांकडे काहीतरी मागितलं गेलं.

आपल्याकडे मागायचं कुणाकडे हाच घोळ आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाच्या, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा असं सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. 2023 च्याच, प्यू या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत 53 टक्के भारतीय समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता द्यायला अनुकूल होते. निम्म्याहून जास्त! यातले किती जण आपल्या खासदाराला एक पत्र लिहितील? पाठिंबा मोजायचा तर असा मोजा.

आता दोन गोष्टी, नाहीतर भाऊ चिडेल. तो या बाबतीत माझ्याशी भांडतो. म्हणतो, तू पाठिंबा देणाऱ्यांचाच हिशेब करतेस. पंधराव्या वर्षी स्वतःसारखं एक पात्र पडद्यावर दिसलं असतं तर आपण जगात एकटेच आहोत असं मला वाटलं नसतं. हे मला खोडता येत नाही. दुसरं, मी एका कोकणी घरावरून बोलतेय. शहरात, किंवा भाचीच्या वयाच्या मुलांत, चित्र वेगळं असू शकतं. तिने तर लग्नानंतर पहिली दिवाळी मामाकडे केली, दोघांनाही ओवाळलं.

आणि भावोजी, हे उत्तर भाची तुम्हाला पाठवणार आहेच. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. तुमच्या बँकेनेसुद्धा त्यांचं खातं उघडलंय. तुमच्या धाकट्याचं लग्न ठरतंय असं ऐकते. पत्रिकेच्या पाकिटावर दोन नावं टाका. पत्ता बहिणीकडे आहे.