व्हिएन्नात दोनच दिवस, काय बघू?

प्रश्न : आम्ही व्हिएन्नाला दोन दिवस थांबतोय, सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात. राजवाडे, म्युझियम सगळंच बघावंसं वाटतंय, कसं जमवायचं?

उत्तर : सगळं बघायचा हट्ट आधी सोडा बघू! पहिल्या दिवशी सकाळीच यू४ मेट्रो पकडून शोनब्रुन गाठा, राजवाड्यात म्हणे १४४१ खोल्या आहेत, पण घाबरू नका, आपल्याला त्यातल्या थोड्याच दाखवतात, तिकिटावर आत जायची वेळ असते म्हणून ते ऑनलाइन आधीच काढून ठेवा, आणि बाग फुकट आहे, आईला तिथे बाकावर निवांत बसू द्या, तुम्ही टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चढून या.

दुसरा दिवस कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमला द्या. नाव उच्चारता नाही आलं तरी चालेल! १८९१ साली उघडलेली ही इमारतच बघत राहावी अशी आहे, पण खरी मजा सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रॉयगेल याच्या दालनात, १५६३ चा बॅबेलचा मनोरा आणि १५६५ मधले बर्फातले शिकारी, या दोन चित्रांसमोर मी तर खिळूनच गेलो, लांबून बघा मग जवळून, छोटी छोटी माणसं काय काय करतायत ते शोधत बसा, अर्धा तास कसा जातो कळत नाही.

चित्रकार क्लिम्टचं 'द किस' हे प्रसिद्ध चित्र मात्र इथे नाही हं, ते अप्पर बेल्व्हेडियर या राजवाड्यातल्या म्युझियमला.

स्टेफान्सडोम चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, आईंना उत्तर मनोऱ्यावर न्या, तिथे लिफ्ट आहे.