गॅसची पाइपलाइन धुऱ्याजवळून गेली म्हणून तीन लाख गेलमध्ये टाकावेत का?

प्रश्न नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. जमीन साडेचार एकर, विहीर आहे, ओलीत डिझेल इंजिनवर होतं. कापूस-तूर विकून आणि मुदत संपलेली ठेव मिळून हाती ३ लाख आलेत. १ लाख १० हजारांचं पीककर्ज भरायचं बाकी. समृद्धी महामार्गालगत गेल या सरकारी गॅस कंपनीची मुंबई-नागपूर वाहिनी त्यांनी पाहिली. देश ऊर्जेत स्वावलंबी होणार, तेव्हा सगळे पैसे गेलच्या शेअरमध्ये टाकावेत का, असं ते विचारतात.

भाऊ, तीन लाख नका टाकू. फार तर तीस हजार टाका, तेही बाकीची सोय लावल्यावर.

पाइप म्हणजे विहीर नव्हे. देशात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आजही द्रवरूपात जहाजानं बाहेरून येतो. वाहिन्या वाढल्या की वापर वाढतो, आणि देशातलं उत्पादन त्या वेगानं वाढलं नाही तर आयातही वाढते. एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. त्यातून गेलला वाहतुकीचं काम मिळेल, पण देश स्वावलंबी होईलच असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

शिवाय गेलची कमाई एकाच वाटेनं येत नाही. वाहतुकीचा धंदा जिनिंगसारखा आहे: कापूस कोणाचाही असो, जिनवाला क्विंटलमागे आपली मजुरी घेतो. ही मजुरी पीएनजीआरबी हे नियामक मंडळ ठरवतं, भांडवलावर करानंतर १२ टक्के परतावा धरून. म्हणजे उत्पन्न बऱ्यापैकी स्थिर, पण वरची मर्यादा ठरलेली. वाहिनी अर्धी रिकामी राहिली तर तेवढंही मिळत नाही.

खरा चढउतार गॅसच्या खरेदी-विक्रीत आहे. अमेरिकेतून येणाऱ्या गॅसचा खरेदीदर हेन्री हब या तिथल्या गॅसच्या मूळ बाजारभावाशी बांधलेला, तर विक्रीचा दर बराचसा कच्च्या तेलाशी. तेल उतरलं आणि हेन्री हब चढला की मधला नफा आटतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाच्या गॅझप्रॉम या गॅस कंपनीच्या पूर्वीच्या उपकंपनीकडून कराराचा गॅस येईना, तेव्हा गेलला खत कारखान्यांचाही पुरवठा कमी करावा लागला होता. उत्तर प्रदेशातल्या पाटा इथल्या गेलच्या पेट्रोकेमिकल कारखान्याचंही तसंच: गॅस महाग आणि प्लास्टिकचा दाणा स्वस्त झाला की फटका बसतो.

कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. अडचण तुमच्या वेळापत्रकाची आहे. मृग लागला की बियाणं-खताला रोख लागते. त्या आठवड्यात भाव २० टक्के खाली असेल तर तोटा सोसून विकावं लागेल.

म्हणून आधी १ लाख १० हजार पीककर्जात भरा, ठरलेल्या तारखेच्या आत. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत धरून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की सवलत जाते आणि नवं कर्जही अडतं. खरिपासाठी ७० हजार बचत खात्यात ठेवा. नवं कर्ज मिळायला उशीर झाला तरी पेरणी अडणार नाही. दवाखाना, घरखर्च यांसाठी ६० हजारांची ठेव करा, पण दोन तुकड्यांत, म्हणजे गरज पडली तर एकच मोडेल.

राहिले ६० हजार. त्यातले तीसेक हजार सौर पंपासाठी राखा, माझा सगळ्यात जास्त आग्रह याचाच आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच ते पाच एकराला ५ एचपीचा पंप मिळतो. आपण कच्चं तेल ८५ टक्क्यांहून जास्त आयात करतो, तेव्हा तुमचं डिझेल वाचलं की ऊर्जा स्वावलंबन तुमच्याच बांधावर सुरू होतं, आणि ओलीत दिवसा करता येतं.

उरलेले ३० हजार दरमहा ३ हजारांनी दहा महिन्यांत गेलमध्ये टाका, किमान पाच वर्षं हात लावायचा नाही असं ठरवून. डिमॅट खातं ‘बेसिक सर्व्हिसेस’ प्रकारचं मागा. ४ लाखांपर्यंतच्या शेअरवर त्याची वार्षिक फी लागत नाही.

पंपाचा अर्ज भरण्याआधी सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर तलाठ्याकडून आधी ती करून घ्या, आणि सातबारा सामायिक असेल तर हिस्सेदारांचं ना हरकत पत्रही सोबत जोडा.