बेसमेंटमध्ये जुना बेसबॉल पेनंट (टीमच्या नावाची तिकोनी पताका) सापडलाय, धुवून फ्रेम केला तर किती किंमत येईल?

धुऊ नका. बाकीचं नंतर वाचा, पण आधी तो पेनंट बादलीत घातला असेल तर बाहेर काढा.

तुम्ही लिहिलंय की मिलवॉकीजवळ घर घेतलं, बेसमेंटमधल्या खोक्यात मिलवॉकी ब्रेव्ह्ज या बेसबॉल टीमचा फेल्टचा (दाबून केलेल्या जाड कापडाचा) पेनंट निघाला, टोकाला भोकं आहेत, कुबट वास येतो, तर धुवून इस्त्री करून मस्त फ्रेम केला तर भाव वाढेल का. नाही वाढणार, उतरेल, आणि उतरलेला परत चढत नाही. जुन्या फेल्टमध्ये लोकर असते, ती आटते, रंग सुटतो, वरच्या छापलेल्या अक्षरांना तडे जातात. मऊ ब्रशने धूळ झटका, वारा लागेल पण ऊन लागणार नाही असा चार दिवस आडवा ठेवा, बास.

साल काढणं तुमच्या बाबतीत सोपं आहे. ब्रेव्ह्ज बॉस्टनहून मिलवॉकीला १९५३ला आले आणि १९६६ला अटलांटाला गेले, म्हणजे १९५३ ते ६५ मधलाच, नाहीतर मग नंतर काढलेली नक्कल. १९५७ला त्यांनी न्यूयॉर्क यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉल सीझनची अंतिम मालिका, जिंकली, त्याचा उल्लेख असेल तर मागणी जास्त. नुसतं टीमचं नाव असेल तर लॉटरी लागली असं समजू नका.

मी एवढं तावातावाने का लिहितेय ते सांगते. १९९७ ते २००३ आम्ही ब्रुकलिनला फ्लॅटबुशमध्ये भाड्याने राहायचो, घरमालक खाली, आम्ही वर. त्यांच्या किचनमध्ये भिंतीवर ब्रुकलिन डॉजर्स या तिथल्या बेसबॉल टीमचा निळा पेनंट होता, मी त्याला पताकाच म्हणायचे, वारीतल्यासारखी तिकोनी, फक्त आडवी, तीसेक इंच लांब. माझा मुलगा तेव्हा लहान, रोज जाऊन त्याबद्दल काहीतरी विचारायचा आणि आजोबा (घरमालकांना तो आजोबाच म्हणायचा) न कंटाळता सांगायचे, की १९४१, ४७, ४९, ५२, ५३ अशी पाच वेळा टीम यांकीजकडून वर्ल्ड सिरीज हरली आणि शेवटी १९५५ला सातव्या मॅचमध्ये २-० ने जिंकली, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, सगळा मोहल्ला रस्त्यावर आला होता. मग १९५७चा सीझन संपल्यावर टीमच उचलून लॉस एंजेलिसला नेली आणि १९६०ला एबेट्स फील्ड, त्यांचं मैदान, पाडलं. एवढं झालं की ते गप्प व्हायचे. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला घर घेतलं तेव्हा त्यांनी तो भिंतीवरून काढला आणि मुलाच्या हातात दिला. टोकाच्या भोकाभोवती टाचणीच्या गंजाचं तांबूस कडं होतं, आणि उलटा केला तर पाठीमागे पेन्सिलने, पोराच्या वाकड्या अक्षरात, १०-४-५५. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे चार ऑक्टोबर, डॉजर्स जिंकले तो दिवस.

वास्तुशांतीला आमचे भावजी आले होते, म्हणाले वहिनी हे फडकं असं काय ठेवलंय, मी फ्रेम करून आणतो, माझ्याकडून घराला भेट. मी हो म्हटलं. फ्रेमवाल्याने तो गरम प्रेसखाली बोर्डवर डिंकाने कायमचा चिकटवला आणि फ्रेममध्ये मावत नव्हत्या म्हणून रुंद बाजूच्या झालरी कापून टाकल्या. समोरून चकाचक दिसत होता, भावजी खूष. मी म्हटलं पाठीमागची तारीख गेली हो, तर म्हणाले पाठीमागचं कोण बघतं?

नंतर एका लिलाव कंपनीत दाखवला. त्या बाईने फ्रेम कडेवर उभी धरली, बोर्डला नखाने टकटक केलं आणि म्हणाली चिकटवलेला आम्ही घेत नाही, सोडवायला गेलं तर धागे उपटून येतील. मला विकायचा नव्हताच, फक्त भावजींना हे कोणाकडून तरी ऐकवायचं होतं. आजही दिवाळीला विषय निघाला की ते म्हणतात भोकं होती, तसाही किंमत आली नसती. तर भावजी वाचत असतील तर ऐका: जुन्या पेनंटला टाचणीची भोकं असणारच, पोरं ते भिंतीला लावायचीच, त्याने भाव थोडा कमी होतो. कापलेल्या झालरी, तुटलेलं टोक, उडालेला रंग आणि डिंक यांनी खरा पडतो.

भाव बघायचा तर ईबेवर लोक काय मागतायत ते बघू नका, मागायला काय जातं, विकल्या गेलेल्याच बघा, त्यातही तोच रंग, तेच चित्र, तीच अवस्था. नकलेची शंका असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, नवीन कापड आणि दोरा पांढरानिळा चमकतो, जुनी लोकर नाही. मात्र आधीच्या मालकाने कधी डिटर्जंटने धुतला असेल तर अस्सलही चमकतो, तेव्हा नुसत्या टॉर्चवर निकाल लावू नका. ठेवायला पेनंटच्या आकाराचे कडक प्लॅस्टिकचे होल्डर मिळतात. फ्रेमच हवी असेल तर ॲसिड-फ्री बोर्डवर दोन-चार सैल टाके घालून, काचेला टेकणार नाही असा, आणि हे फ्रेमवाल्याकडून लिहून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आजोबा गेल्याचं कळलं. त्यांची मुलगी भेटायला आली, पेनंट भिंतीवर बघून हसली, फ्रेम उतरवली आणि लगेच उलटी केली. मागे तपकिरी कागद आणि फ्रेमवाल्याचा स्टिकर होता.

फोटो टाका इथे, म्हणजे सांगता येईल. मागच्या बाजूचाही टाका, खिडकीपाशी तिरप्या उजेडात काढा, पेन्सिलचं काही असेल तर तसंच दिसतं.